बाळारामभाऊंचं खारबाव स्टेशन

एखाद्याच्या खोलीत पहिल्यांदा पाऊल टाकावं आणि आत रेल्वे स्टेशन निघावं, असं माझ्या आयुष्यात एकदाच झालं. त्यातही मी तिथे भांडायला गेले होते.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी भिवंडीतल्या एका शाळेत भूगोल शिकवत होते आणि शाळेपासून दहा मिनिटांवर एका चाळीत एकटी राहत होते. तेव्हा रोज दुपारी लाइट जायची. लाइट गेली की गल्लीतले सगळे कापडाचे लूम एका दमात थांबायचे आणि ती शांतता अंगावर यायची. मी नेमकी त्या वेळात वह्या तपासायला बसायचे आणि नेमकी त्याच वेळात शेजारच्या खोलीतून ठुकठुक सुरू व्हायची. पंधरा दिवस सोसलं. मग एका दुपारी हातातलं लाल पेन तसंच घेऊन मी शेजारचं दार वाजवलं.

दार बाळारामभाऊंनी उघडलं. त्यांच्या मागे, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, कमरेएवढ्या उंचीवर फळ्यांचा एक लांबलचक ओटा होता. त्या ओट्यावर दोन फलाट होते, फलाटांच्या मधे रूळ होते, तिकीटघर होतं, पाण्याचा नळ होता, आणि टोकाला पिवळ्या पाटीवर काळ्या अक्षरांत लिहिलं होतं: खारबाव. भांडायला उघडलेलं माझं तोंड तसंच राहिलं. दहा बाय बाराच्या त्या खोलीत माणसांना जागाच उरली नव्हती. तेवढ्यात ओट्याखालून त्यांच्या बायकोचं, सुमनवहिनींचं डोकं बाहेर आलं.

"या ना बाई, वाकून या," त्या म्हणाल्या. "बसायला हितंच हाय."

त्या दिवशी मी एका रेल्वे स्टेशनाखाली मांडी घालून चहा प्यायले. ते दोघं झोपायचेही तिथेच. मुलगी लग्न होऊन अंबाडीला गेली, तिची जागा रिकामी झाली, तिथे आधी एक फळी आली आणि मग दुसरी. वहिनींना वाटलं होतं, नवरा कपाट करतोय. दोन वर्षं झाली, कपाटाला दार काही लागलं नाही, असं त्या मला हसत हसत सांगत होत्या आणि मी मात्र चक्रावून गेले होते. मी बाळारामभाऊंना विचारलं, हे कशासाठी? ते म्हणाले, "असाच." एवढंच म्हणून त्यांनी माझ्या पदराच्या टोकाला लोंबणारा एक धागा दोन बोटांत धरला, ताणून बघितला, टिचकी मारली आणि सांगितलं की साडी चांगली आहे, पण दुकानदाराने सांगितली ती नाही. साडीबद्दल ते बरोबर होते, म्हणून मला जास्तच राग आला.

बाळारामभाऊ जॉबर होते. लूम बिघडला की कारागीर जॉबरला हाक मारतात आणि तो येऊन यंत्राला ताळ्यावर आणतो. पन्नाशीचा, उंच, काळासावळा माणूस. तीस वर्षं लूमच्या आवाजात काढल्यामुळे त्यांना दोनच आवाजांत बोलता यायचं, एक ओरडून आणि एक ओठांतल्या ओठांत. कुठलंही सूत हाताला लागलं की ते ताणल्याशिवाय त्यांना राहवायचं नाही. पतंगाचा मांजा असो, पुडीची दोरी असो की देवळातला हाराचा दोरा, ते दोन्ही हातांत धरून ताणणार आणि मान हलवणार. वहिनी म्हणायच्या, लग्नात यांनी मंगळसूत्रसुद्धा आधी ताणून बघितलं होतं.

दुसरी खोड म्हणजे त्यांचा एक प्रश्न. कोणी काहीही सांगितलं की ते विचारायचे, "तू बगितला काय?" टँकर आला म्हणून सांगा, अमक्याच्या सुनेचं भांडण झालं म्हणून सांगा, भाव वाढला म्हणून सांगा, यांचं ठरलेलं: बगितला काय? चाळीतल्या मुलांनी त्यांचं नावच 'बगितला काय' ठेवलं होतं. मलाही हा प्रश्न फार खटकायचा. एकदा मी त्यांना म्हणाले, पृथ्वी गोल आहे असं मी रोज शिकवते, मी कुठे बघितली आहे? ते म्हणाले की मग मुलांना तसं सांगत जा.

पण त्याच प्रश्नाने एकदा चाळ वाचवली. एका खोलीतलं चांदीचं निरांजन गेलं आणि बघता बघता धुणंभांडी करणाऱ्या बाईचं नाव सगळ्यांच्या तोंडी झालं. दहा-बाराजणी तिला जिन्यात अडवून उभ्या होत्या. खरं सांगायचं तर मीही त्यांच्यात होते. बाळारामभाऊ ड्युटीवरून आले, जिन्याच्या खालच्या पायरीवर थांबले आणि त्यांनी एकेकीला नाव घेऊन विचारायला सुरुवात केली. तू बगितला काय? तू? बाई, तुम्ही? त्यांचा आवाज कापत होता आणि चेहरा असा झाला होता की मी घाबरले. कोणीच बघितलं नव्हतं. निरांजन चार दिवसांनी तांदळाच्या डब्यात सापडलं. एवढ्याशा गोष्टीसाठी हा माणूस इतका का थरथरला, हे मला तेव्हा कळलं नाही.

पुढे आमची दोस्ती झाली ती नकाशामुळे. एका रविवारी ते माझ्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "बाई, तुम्ही पोरांना नकाशा शिकवता ना? मोठा गाव लहान कागदावर आणायचा, पन तो खोटा न्हाय झाला पायजे. ह्यो कसा करायचा?"

मी त्यांना प्रमाण शिकवलं. एक फूट म्हणजे इंचाचा आठवा भाग, असं आम्ही ठरवलं. इतका चांगला विद्यार्थी मला शाळेत कधी मिळाला नाही. त्याआधी त्यांनी फलाट नजरेने बांधले होते. ते सगळे त्यांनी एका दिवसात उपसून काढले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. लूममधल्या जुन्या फणीच्या पोलादी पात्यांचे रूळ झाले. सुताच्या कोनांचे पुठ्ठे कापून डबे झाले. धोटा म्हणजे लूममध्ये इकडून तिकडे धावणारी लाकडी होडी, तो जुना धोटा तासून त्यांनी इंजिन केलं आणि शर्टाच्या बटणांची चाकं लावली. एका टोकाला कांडी फिरवली की तिच्यावर इंजिनाला बांधलेलं सूत गुंडाळलं जायचं आणि गाडी हळूहळू फलाटात शिरायची. ती गाडी पहिल्यांदा चालली तेव्हा मी आणि वहिनी दोघींनी टाळ्या वाजवल्या. भाऊंनी फक्त इंजिन कुठे थांबलं ते वाकून बघितलं.

मला वाटायचं, जन्मगावाची ओढ आहे. खारबाव हे त्यांचं गाव, शेतं विकली गेली आणि ते लूमवर आले, तेव्हा गाव असं खोलीत आणलं असेल. पण हळूहळू माझ्या लक्षात यायला लागलं की या स्टेशनात काहीतरी विचित्र आहे. मी हौसेने फुलझाडांच्या कुंड्या करून दिल्या, त्या त्यांनी परत केल्या. तेव्हा कुंड्या नव्हत्या, म्हणाले. तेव्हा म्हणजे कधी विचारलं, तर पाटी पुसायला लागले. गाडीचे डबे निळे नव्हते, जुन्या गाड्यांसारखे तांबडे होते. तसला एक जुना डबा दिवा स्टेशनाकडे कुठल्याशा सायडिंगला उभा आहे असं त्यांना कळलं, तर एक दिवस खाडा करून ते जाऊन लोखंडी टेपने त्याचं एकेक दार मोजून आले. फलाटावरची बाकं पुढे कधीतरी हलवली होती, तर जुन्या बाकाचे बोल्ट कुठे होते ते शोधायला त्यांनी फलाटावर गुडघ्यावर बसून हाताने धूळ झाडली. तिथल्या एका माणसाने हटकलं, काय शोधतोस? यांनी सांगितलं, बाक. समोरच बाक होतं. त्या माणसाने त्यांना हाताला धरून बाकावर बसवलं आणि पाणी आणून दिलं.

फलाटाची लांबी त्यांनी सुताने मोजली. टेप छोटा होता आणि एवढं लांब अंतर एका दमात मोजायचं म्हटल्यावर जॉबरला सूतच आठवणार. लूमच्या बीमवरचं, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या दांड्यावरचं, खळ लावलेलं सूत घेऊन त्यांनी खोलीत दर दहा फुटांवर गाठ मारली आणि थंडीतल्या एका सकाळी वहिनींना एक टोक धरायला लावून पाटीपासून बाकापर्यंत गाठी मोजल्या. खाडीकडचं दव पडत होतं, वहिनींची बोटं गारठली होती, असं त्यांनी मला नंतर सांगितलं.

स्टेशन पूर्ण झालं तेव्हा एकच गोष्ट राहिली होती. त्यात माणसं नव्हती. एवढं सगळं केलंत, मातीची चार माणसं करून ठेवा, मी म्हणाले. ते म्हणाले, "हायेत ना." आणि त्यांनी मला तीन खिळे दाखवले. एक खिळा दोन नंबर फलाटावरच्या बाकावर ठोकलेला होता. दुसरा त्याच्या समोर, एक नंबरवरच्या बाकावर. तिसरा त्या दुसऱ्याच्या बाजूला, काड्यापेटीएवढ्या पत्र्याच्या टपरीपाशी. त्या टपरीवर शिशाच्या थेंबाची इवलीशी किटली होती. साऱ्या स्टेशनात तेवढी एकच नाजूक वस्तू होती.

"ह्यो मी," पहिल्या खिळ्याला बोट लावून ते म्हणाले. "ही बॅग. आनि ह्यो दुलारे."

मग त्यांनी सांगितलं. ओठांतल्या ओठांत, माझ्याकडे न बघता.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट होती. खारबावच्या एका मुलीचं लग्न लागून वऱ्हाड वसईच्या गाडीने निघालं होतं. सगळा गाव पोचवायला एक नंबरवर जमला होता. मुलीच्या मावशीने दागिन्यांची निळी बॅग बाकावर ठेवली आणि ती नळावर पाणी भरायला गेली. गाडी आली, वऱ्हाड चढलं, गाडी सुटली. मावशी वळून बघते तर बॅग नाही. तिने जो हंबरडा फोडला तो बाळारामभाऊंना पलीकडे ऐकू आला. ते भिवंडीला शिफ्टवर जायला दोन नंबरच्या बाकावर बसले होते. गर्दीतून कोणीतरी म्हणालं की चहावाल्यानेच उचलली असणार. कोणीतरी विचारलं, कोणी बघितलं का? आणि बाळाराम रूळ ओलांडून पुढे गेले आणि म्हणाले, मी बघितलं. मधे गाडी उभी होती, तर कसं बघितलं? ते म्हणाले, खिडक्यांना वऱ्हाडाची माणसं चिकटली होती, पण दोन्हीकडची दारं उघडी होती, दाराच्या आरपार दिसलं. चहावाल्याने बॅग उचलली.

दुलारे म्हणजे रामदुलारे, उत्तरेकडून आलेला, स्टेशनवर चहाची टपरी टाकून बसलेला माणूस. त्याच्या बाजूने बोलायला तिथे कोणी नव्हतं. लोकांनी त्याला इतकं मारलं की उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झाली. टपरी उलटवली. त्याच्याकडे काहीच सापडलं नाही, म्हणून पोलिसांनी दोन दिवसांनी सोडलं, पण गावाने त्याला परत उभं केलं नाही. गावाला कोणी विचारलं तर एकच उत्तर होतं: आपल्या बाळारामने डोळ्यांनी बघितलंय.

"मना अजून दिसतो," भाऊ म्हणाले. "तांबडा दार, त्याच्यातून हात, निली बॅग. आता डोला मिटला तरी दिसतो. पन चार वर्सांमागं मी त्याच बाकावर बसलो होतो, समोर गाडी लागली, आनि माज्यासमोर दार आलाच न्हाय. नुसता पत्रा. दुसऱ्या दिवशी परत गेलो. परत पत्रा. मना वाटला, बाक हलवलाय, डबे नवीन हायेत, मंग मोजून बगू."

मी हबकून त्या खिळ्याकडे बघत राहिले. ज्या माणसाने चाळीतल्या बाईसाठी आम्हा सगळ्यांना जिन्यात उभं केलं, त्याच माणसाच्या एका वाक्यावर दुसऱ्या कोणाचा हात मोडला होता. आणि ते वाक्य खरं की खोटं हे त्याचं त्यालाच माहीत नव्हतं, ते शोधायला तो चार वर्षं खोलीत स्टेशन बांधत होता. मी ज्याला हौस समजत होते ते हे होतं. आणि मी त्यासाठी कुंड्या करून दिल्या होत्या.

त्याच दुपारी लाइट गेल्यावर त्यांनी गाडी सोडली. इंजिन नेहमी पाटीशी थांबायचं, तशी गाडी पाटीशी थांबवली. मग आपल्या खिळ्याला बारीक सूत बांधलं आणि ते पलीकडच्या बॅगेच्या खिळ्याकडे सरळ नेलं. सूत तिसऱ्या डब्याच्या दारातून आरपार गेलं. कुठे टेकलं नाही, अडलं नाही. वहिनी ओट्याखालून बाहेर आल्या आणि रडायला लागल्या. बाळारामभाऊ बाहेर गेले आणि पेढे घेऊन आले. दुलारेची बोटं मोडली त्याबद्दल पेढे वाटताय का, असं माझ्या जिभेवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा बघून मी पेढा खाल्ला.

पुढचे दोन महिने भाऊ वेगळेच होते. त्यांनी 'बगितला काय' विचारणं सोडलं. चाळीतली मुलं खोलीत येऊन गाडी चालवायची आणि ते कौतुकाने बघायचे. वहिनींनी स्टेशन अर्धं कापून खाट आणायचं ठरवलं होतं.

मग एका संध्याकाळी ते शिफ्ट अर्धी सोडून थेट माझ्याकडे आले. कपड्यांवर कापसाचे तंतू तसेच होते. म्हणाले, शाळेत लांब मोजायचा टेप असतो का? असतो, लांब उडीच्या मैदानासाठी पन्नास मीटरचा पोलादी टेप खेळाच्या कपाटात पडलेला असतो. मी सांगितलं आणि कशाला विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं.

पाऊस सुरू झाल्यामुळे शेडमध्ये दमट हवा होती. एक नवा कारागीर बीमवरचं सूत ओढत होता आणि बाळारामभाऊ त्याला नेहमीसारखे ओरडले: "ओल्या हवेत जादा मत खींच, सूत बढ़ता है." हे वाक्य त्यांनी तीस वर्षांत हजार वेळा म्हटलं असेल. या वेळी ते त्यांना स्वतःला ऐकू आलं. खळीचं सूत, दव पडलेली सकाळ आणि सूत हातात आल्यावर ताणल्याशिवाय न राहवणारा जॉबर. खोलीत कोरड्या सुतावर दहा फुटांना मारलेली गाठ फलाटावर दहा फुटांना राहिली नव्हती. प्रत्येक वेळी थोडी पुढे सरकली होती. एखाद्या कारकुनाने ते सूत नुसतं जमिनीवर सोडलं असतं आणि बरोबर मोजलं असतं. आणि डबा मात्र लोखंडी टेपने बरोबर मोजलेला होता, म्हणजे दोन्ही मापं एकमेकांशी जुळणारी नव्हती.

मला दुसराच धक्का बसला. तो टेप दोन वर्षं माझ्या शाळेत पडून होता. मी त्यांना प्रमाण शिकवलं, पण कशाने मोजता हे एकदाही विचारलं नाही. भूगोलाची बाई म्हणून मिरवणाऱ्या माझी त्या क्षणी मलाच लाज वाटली.

रविवारी आम्ही दोघं खारबावला गेलो आणि पाटीपासून बाकाच्या बोल्टांपर्यंत टेप लावला. तीनदा मोजलं. सुताने दाखवलं त्यापेक्षा अंतर आठ फूट जास्त होतं. खोलीत आल्यावर त्यांनी दोन्ही फलाटांवरची बाकं, तिन्ही खिळे आणि टपरी उपटली आणि पाटीपासून एक इंच लांब सरकवली. आमच्या प्रमाणात आठ फूट म्हणजे एकच इंच. गाडी पाटीशी थांबवली. सूत बांधलं. सूत तांबड्या पत्र्यावर जाऊन टेकलं.

मी घाईघाईने म्हणाले की ड्रायव्हरने त्या दिवशी गाडी जरा मागेपुढे थांबवली असेल. त्यांनी वही काढली. महिनाभर रोज इंजिन कुठे थांबतं ते लिहिलेलं होतं. हातभर फरक पडत होता, फार तर दोन हात. आठ फूट कधीच नाही.

तेव्हा मी जे बोलले ते मला आजही आठवतं. मी म्हणाले, "जाऊ द्या भाऊ. आता हे कोणाला माहीत आहे?"

"मना हाय ना," ते म्हणाले. "आनि आता तुम्ही पन बगितला."

रामदुलारेला शोधायला त्यांना दोन महिने लागले. तो मानकोलीला एका गोदामावर वॉचमन होता. बाळारामभाऊ त्याला काय सांगून घेऊन आले, मला माहीत नाही. मी गेले तेव्हा तो ओट्यापाशी उभा होता. साठीचा, बारीक, खाकी शर्टातला माणूस. बाळारामभाऊ त्याला एकेक गोष्ट दाखवत होते, आपला खिळा, गाडी, सूत आणि पत्रा. कामाचा हिशोब मालकाला द्यावा तसं खाली मान घालून सांगत होते. शेवटी म्हणाले, "मैंने नहीं देखा था. मैं झूठ बोला. मेरे को मालूम नहीं था की झूठ है, लेकिन झूठ था."

दुलारेने ते ऐकलं की नाही, कळलं नाही. तो आपल्या टपरीकडे बघत होता. वाकड्या बोटाने त्याने ती शिशाची किटली हळूच हलवून बघितली.

"केतली भी बनाई," तो म्हणाला. मग थोड्या वेळाने म्हणाला, "बैग तो मैंने ही उठाई थी."

वहिनींनी हातातली कपबशी खाली ठेवली.

मग त्याने सांगितलं. गाडी सुटायच्या बेतात होती. खिडकीतून हिरव्या साडीतल्या एका बाईने हाक मारली, चहावाले, ती बॅग दे. ती वऱ्हाडातलीच आहे असं समजून त्याने बाकावरची बॅग उचलली, चार पावलं चालला आणि तिच्या खिडकीत दिली. गाडी गेली. मग लोकांनी गचांडी धरून विचारलं, बॅग घेतलीस का, तेव्हा भीतीने त्याच्या तोंडून निघालं की मी हातसुद्धा लावला नाही. एकदा तसं म्हटल्यावर मग पुढे काही सांगायला जागाच उरली नाही. हे त्याने आजवर बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं.

मी बाळारामभाऊंकडे बघितलं. मला वाटलं, आता हा माणूस सुटला. त्याने न बघता सांगितलं ते खरंच होतं की! त्यांच्याही चेहऱ्यावर क्षणभर काहीतरी सैल झालेलं मला दिसलं. ते दुलारेलाही दिसलं असावं. तो त्यांच्याकडे पहिल्यांदा सरळ बघून म्हणाला, अगदी शांतपणे, जराही आवाज न चढवता:

"भाई, तुमने सचमुच देखा होता तो अच्छा होता. उठाते देखा होता, तो देते हुए भी देखा होता."

बाळारामभाऊंनी आपल्या खिळ्याचं सूत सोडलं. इतक्या वर्षांत मला इतका हादरा दुसऱ्या कशाने बसला नाही. त्या दिवशी त्या फलाटावर दुलारेला एकच माणूस वाचवू शकला असता, तो म्हणजे खरा साक्षीदार. आणि त्या जागेवर, काही न बघता, बाळारामभाऊ जाऊन उभे राहिले होते.

पुढच्याच आठवड्यात त्यांनी स्टेशनचे तीन तुकडे केले आणि टेम्पोत चढवले. दुलारेला त्यांनी बोलावलं होतं, पण तो म्हणाला, मला त्या टेसनवर पाय ठेवायचा नाही, तुम्ही जा. वहिनी पुढे बसल्या, मी मागे स्टेशन धरून बसले. खारबावला गावदेवीच्या देवळासमोर त्यांनी ओटा पुन्हा जोडला. गावकीची बैठक होती. आधी लोक हसले, बाळारामला म्हातारचळ लागला म्हणाले. एकाने विचारलं, एवढ्या वर्षांनी हे कशाला उकरतोस? त्यांनी कोणाला उत्तर दिलं नाही. गाडी चालवली, पाटीशी थांबवली आणि नवरीच्या म्हाताऱ्या बापाला, नानांना, हाताला धरून ओट्यापाशी आणलं. दुलारेला पहिली थप्पड नानांनीच मारली होती.

"नाना, ह्या खिल्याला डोला लाव," ते म्हणाले. "हितं मी बसलो होतो. काय दिसतो?"

नाना गुडघ्यांवर हात ठेवून वाकले, एक डोळा मिटला. बराच वेळ बघत राहिले.

"तांबडा डबा."

"चायवाला दिसतो?"

"न्हाय."

"बॅग?"

"न्हाय रे. काय पन न्हाय दिसत."

"मना पन न्हाय दिसला होता, नाना."

नाना वाकलेले सरळ व्हायला वेळ लागला. सरळ झाल्यावर ते कोणाकडे न बघता देवळाच्या पायरीवर जाऊन बसले. मग बाळारामभाऊंनी दुसऱ्याला नाव घेऊन बोलावलं, मग तिसऱ्याला. त्या दिवशी फलाटावर ज्यांनी ज्यांनी हात उचलला होता त्या सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती, आणि बोलावल्यावर कोणी नाही म्हणालं नाही. दुलारेने बॅग कोणाला दिली हेही त्यांनी प्रत्येकाला सांगितलं, फक्त प्रत्येक वेळी आधी म्हणाले की हे मी बघितलेलं नाही, त्याने सांगितलंय.

माझी पनवेलला बदली झाली होती आणि सामान बांधायचं होतं, म्हणून मी आधीच्या गाडीने निघाले. वळणावरून मागे बघितलं. देवळासमोर पांढऱ्या सदऱ्यातला एक माणूस वाकलेला होता आणि त्याच्या मागे रांग होती. ओट्याच्या पलीकडे बाळारामभाऊ उभे होते. सुताचं टोक त्यांच्या हातात होतं, पण त्यांनी ते ताणलेलं नव्हतं.